न जोडली गेलेली क्लिप

“ताई, मायला अप्पांचा आवाज पायजे. ह्यात तर नुसतं गाणंच वाजायलंय.”

शिवराज पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा होता. त्यातली फाईल मीच करून दिलेली.

मी सोनपेठला घरच्या कॉम्प्युटरवर मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे लग्नाबिग्नाच्या शूटिंगचे तुकडे जोडून एक फिल्म करणं. शिवराजचे वडील, अप्पा, वारले त्याला वर्ष होत आलं होतं. पुण्यस्मरणाला टीव्हीवर लावायचं म्हणून त्यानं घरच्या मोबाइलमधल्या क्लिपा आणल्या होत्या. कुठं अप्पा बैल धुतायत, कुठं बाजारात वांगी निवडतायत. कोणी मोबाइल आडवा धरलेला, कोणी उभा. मी सगळ्या ओळीनं लावल्या, बाजूच्या काळ्या पट्ट्या झाकल्या.

“ताई, आवाज काढून टाका,” तेव्हा शिवराज म्हणाला होता. “लय कालवा हाय. अप्पा सारखे कोणावर तरी वरडायलेत. पाव्हण्यायत बरं दिसत न्हाई. वरून चांगलं गाणं टाका एखादं.”

“थोडा तरी राहू द्या की.”

“न्हाई, समदाच काढा.”

ग्राहकापुढं कोण बोलणार? मी आवाज बंद केला, गाणं लावलं आणि एक्सपोर्ट केलं. म्हणजे सगळ्या तुकड्यांची मिळून एकच फाईल बनवली. बंद केलेला आवाज तिच्यात उतरतच नाही. पिठात मीठ घातलंच नाही, तर भाकरीत कुठून येणार?

शिवराजनं बघून “एक नंबर, ताई” असं कळवलं. होकार आला की मी मूळ क्लिपा काढून टाकते. लग्नसराईत हार्ड डिस्कला जागा पुरत नाही. त्यानंही कार्यक्रमाचे फोटो काढायला मोबाइल रिकामा केला.

“पण कार्यक्रम तर चांगला झाला ना?” मी दारातल्या शिवराजला विचारलं.

“पाव्हण्यायला लय आवडलं. पण माय काल म्हणली, मला एकदा त्यांचं बोलणं ऐकू दे.” त्यानं मान खाली घातली. “तिला दिसत न्हाई, ताई. काचबिंदूनं डोळे गेलेत.”

चूक कोणाची, हा हिशेब करण्यात अर्थ नव्हता. पण मला फार वाईट वाटलं.

पुसलेल्या फाईली परत काढणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं. कोणाच्या तरी हळदीचे फोटो निघाले. अप्पांच्या जागेवर नवी लग्नं येऊन बसली होती.

एकच क्लिप सापडली. जुन्या मोबाइलमधली. मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरनं ती घेतलीच नव्हती, म्हणून जोडायची राहिली आणि डेस्कटॉपवर पडून होती. दुसऱ्या प्लेअरमध्ये लावली, तर चित्र पहिल्यालाच अडकलं: एक बाज आणि अप्पांचा अर्धा पाय. आवाज मात्र पुढं चालू राहिला.

शिवराज मायला मोटरसायकलवर घेऊन आला. म्हातारी स्पीकरकडं कान करून बसली.

“बंद कर रे ते!” अप्पा गरजले. “तुझ्या मायला म्हण, च्या टाक.”

“दूध न्हाई,” लांबून तिचाच आवाज.

“मग कोरा टाक. पण टाक की!”

संपलं एवढ्यात. म्हातारीनं तोंडाला पदर लावला. आधी हसली, मग रडायला लागली.

“माझ्यावरच वरडायलेत. असंच वरडायचे. बाई, पुन्यांदा लाव.”

मी किती वेळा लावली कोणास ठाऊक. शेवटी तिनं विचारलं, “आनखी हाय का?”

शिवराज भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्यामुळं “नाही, माय” हे मलाच म्हणावं लागलं.

आजही लोक सांगतात, आवाज काढा. मी काढते. पण मूळ आवाजाची वेगळी फाईल करून, न विचारता, पेनड्राइव्हमध्ये टाकून देते. तिला नाव देते ‘कालवा’. अजून कोणी तिच्याबद्दल विचारलेलं नाही. लागेल तेव्हा सापडावी, एवढंच.