मागच्या चाकांचे मिस्त्री

ऐंशी सालाच्या आसपास कळमन्याच्या रस्त्यावर मिस्त्री फक्त ट्रकच्या ब्रेकचं काम करायचे. मी संत्र्यांच्या अडतीवर मुनीम, आमचे ट्रक त्यांच्याकडेच न्यायचो. ड्रायव्हरनं ब्रेक दाबून सोडायचा आणि मिस्त्रींनी मागच्या चाकांजवळ उकिडवं बसून, डोळे मिटून ऐकायचं. हवा सुटल्याचा फुस्स आवाज वेळेवर आला की पोटभर जेवल्यासारखे हसायचे.

एकदा मी विचारलं, मागे हा वेगळा रिले वाल्व कशाला?

"पंगत पाहिली नाही काय मुनीमजी? वाढणारा एका टोकापासून निघते, शेवटच्या पानाले पोचेपर्यंत सारं थंडं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या ब्रेकची हवा बी तशीच, मागच्या चाकाले उशिरा पोचते. म्हणून मागं बी हवेची टाकी अन् हा वाल्व. पुढून बारीक नळीनं फक्त इशारा येते. वाल्व मागच्या मागं हवा वाढून देते."

मी मान डोलावली. समजलं होतं असं नाही.

पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नात मी सवयीनं शेवटच्या पानावर बसलो. तिथं गरम जिलेबी मला जन्मात मिळाली नव्हती. पहिल्या पानावर व्याही होते. त्यांच्याजवळ उभ्या मिस्त्रींनी नुसता हात वर केला, आणि तिकडे वाढप सुरू होताच इकडे माझ्या पानातही वाफाळती जिलेबी पडली. वळून पाहिलं, तर पाठीमागे दुसरी कढई, दुसरा आचारी.

मिस्त्री लगबगीनं आमच्या टोकाला आले, माझ्या पानाजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मी जिलेबी मोडली. कुर्रकन आवाज आला, तसे ते हसले.