घड्याळजी घरी पोचला की नाही

आमच्या घरात परदेशी कादंबऱ्यांचा जाणकार म्हणून माझी ख्याती आहे. ती एकाच कादंबरीवर उभी आहे, आणि तीही मी मराठीतून वाचलेली.

कर्जतच्या वाचनालयातून मी ती आणली तेव्हा शाळेत होतो. आई तांदूळ निवडायला बसली की तिला वाचून दाखवायचो. एक म्हातारा घड्याळजी स्वतः बनवलेल्या यानात बसून दुसऱ्या ग्रहावर जातो आणि इकडे त्याची बायको ताट झाकून वाट बघते, एवढीच गोष्ट. आईला ग्रहाचं काही पडलेलं नव्हतं. यान उडालं की ती विचारायची, "ती बाय जेवली का रं?"

शेवटी घड्याळजी परत यायला यानात बसतो, कळ दाबायला हात पुढे करतो, आणि पुस्तक संपतं. संपतं म्हणजे फाटलेलं होतं. आमच्याकडच्या ओलीनं बांधणी सुटून शेवटची पानं गेली होती. आईचा हात सुपात थांबला. "पोचला का रं घरी?"

"पोचला," मी म्हणालो. आणि थाप मारायचीच तर हात आखडता कशाला घ्यायचा? त्याला मी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. परदेशी घड्याळजीला! आईनं ती गोष्ट सगळ्या आळीला सांगितली.

पुढे वीसेक वर्षांनी माझ्या मुलीचं बारसं खालापूरला, सासुरवाडीत झालं; आईही आली होती. मेहुण्यानं हौसेनं रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला. टेंपोतून उतरवतानाच म्हणाला, "दाजी, तुमच्या त्या कादंबरीचा पिक्चर मिळाला. दोन भाग हायत."

दोन्ही कॅसेटींवर नाव एकच, म्हणून त्याला भाग वाटले. मलाही. खरं तर त्या एकाच कादंबरीवर दोन दिग्दर्शकांनी वेगवेगळ्या काळात काढलेले ते दोन सिनेमे.

भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून पहिला सुरू केला. काळापांढरा. इंग्रजी कुणालाच कळेना, म्हणून मी पुढे बसून मराठीत सांगत होतो. मला तरी कुठे कळत होतं, पण गोष्ट पाठ होती. घड्याळजी म्हातारा, यान पत्र्याच्या पिंपासारखं, ग्रहावरची माणसं गोणपाट गुंडाळलेली. सगळं पुस्तकातल्यासारखं. फक्त शेवटी यान पेटलं आणि घड्याळजी गेला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

दुसरी कॅसेट घातली, तर घड्याळजी जिवंत, पंचविशीतला आणि रंगीत.

"मेलेला उठला कसा, दाजी?"

"त्यांचं शास्त्र पुढं गेलंय," मी म्हणालो.

यान मात्र झकास होतं, दिवेच दिवे. पण ह्या घड्याळजीला ग्रहावर एक निळ्या कातडीची बाई भेटली आणि तो तिथंच राहिला. घरच्या बायकोचं नावसुद्धा नाही.

आई ताडकन उठली. "खोटं हाय! तो घरी आला, भाकरी खाल्ली. माझ्या लेकानं पुस्तक वाचलंय. सांग रं ह्यांना!"

सगळी खोली माझ्याकडे वळली. मेहुणा म्हणाला, "वाद कशाला? उद्या कर्जतला चाललोच हाय. पुस्तकच आणतो, शेवट मोठ्यानं वाचू."

सासुरवाडीतली माझी अब्रू गेली तर गेली. पण आई वीस वर्षं त्या भाकरीच्या बाजूनं उभी होती, आणि उद्या ती विहिणीसमोर खोटी पडणार होती, माझ्यामुळे.

"आई," मी म्हणालो, "शेवटची पानं फाटली होती. मी मनानंच सांगितलं."

"म्हंजे भाकरी?" मेहुण्यानं विचारलं.

"माझी."

तो खो खो हसत सुटला. आई खाली बसली. मग तिनं टीव्हीकडे बोट केलं.

"मंग ह्या पिक्चरवाल्यांच्या पुस्तकांची पण पानं गेली असतील," ती म्हणाली. "एकानं त्याला मारला, एकानं दुसरी बाय गाठून दिली. त्यापरीस माझ्या पोरानं बरा शेवट केला."

"मग पुस्तक आणू का नको, मावशी?"

"आणशील तर बघ!"

आणि बारशाची पोर मांडीवर घेऊन तिनं तिथंच सुरू केलं, "एक घड्याळजी व्हता गं, आणि त्याची बाय जेवायची थांबली व्हती..."