विन्यार्डचा टॅटलो

लिंडसे ब्रॅमिचला ओळखत नाही असा माणूस पूर्वी बेटावरच्या बर्नी गावात सापडला नसता. पेपरमिलमध्ये तो फिटर होता आणि यंत्र अडलं की भर झोपेतून त्यालाच उठवून न्यायचे. मग मिल बंद पडली, बायको बेरिल गेली, मुलगी पार पर्थला जाऊन स्थायिक झाली, आणि ओळखणारी माणसं एकेक करून एकतर मेली, नाहीतर समुद्रापलीकडे मेनलँडवर मुलांकडे राहायला गेली. लिंडसेपाशी उरला तो रोएनाच्या दुकानातला बुधवार.

रोएना हाइट म्हणजे नवऱ्यामागे त्याचं मॉडेलचं दुकान नेटाने चालवणारी पंचावन्नची बाई. पुढच्या भागात प्लॅस्टिकच्या जहाजांची, विमानांची, रणगाड्यांची किट्स, रंगाच्या इवल्याशा बाटल्या, गोंद, ब्रश. मागच्या भागात एक लांब टेबल, त्यावर दिवे, बाजूला हीटर आणि चहाची किटली. बुधवारी दुपारी ज्याला वाटेल त्याने आपलं अर्धवट मॉडेल घेऊन यावं, बसावं, जोडत राहावं. एके काळी त्या टेबलाशी खुर्चीसाठी भांडणं व्हायची. आता लिंडसे आणि केल ड्वायर असे दोघेच उरले होते, आणि त्यांचंही एकमेकांशी पटत नव्हतं.

लिंडसे फक्त टगबोटी करायचा. मोठ्या जहाजांना ओढून बंदरात आणणाऱ्या त्या बुटक्या, जाडजूड बोटींवर त्याचा भारी जीव. एक टगबोट त्याला वर्षभर पुरायची. याला चिकाटी म्हणायचं की चिकटपणा ते ज्याचं त्याने ठरवावं. पण दुकानदाराच्या बाजूने पाहिलं तर असं गिऱ्हाईक निव्वळ शोभेचं.

केल त्याच्या अगदी उलट. जन्मभर ट्रक चालवलेला, तोंडाचा फटकळ. दर थोड्या दिवसांनी त्याच्या काखेत नवं किट असायचं, आणि ते जपानहून ऑनलाइन मागवलेलं. रोएनाच्या टेबलावर, रोएनाच्या हीटरशी पाय शेकत, रोएनाचा चहा पीत तो ते उघडायचा.

"लाज नाही वाटत का रे तुला?" लिंडसे एकदा म्हणालाच.

"कशाची? तिच्याकडे हेच किट मेलबर्नहून बोटीने येणार, वर दीडपट पैसे. येईस्तोवर मी म्हातारा होईन."

"झालाच आहेस."

"म्हणून तर घाई आहे, लिंड्स." केलने सॉसेज रोलचा लचका तोडला. "तू मला कसली लाज शिकवतोस? तू तिच्याकडून शेवटचं किट कधी घेतलंस ते सांग. मी निदान गोंद तरी घेतो. तू नुसती बिस्किटं खातोस."

लिंडसेला हे लागलं, कारण ते खरं होतं. दुकान जगलं पाहिजे असं छातीठोकपणे सांगणारा तोच, आणि दुकानाच्या गल्ल्यात वर्षाकाठी एक टगबोट आणि राखाडी रंगाच्या चार बाटल्या टाकणाराही तोच.

त्या वर्षीचा उन्हाळा सरला तसं रोएनाने किटली भरता भरता सांगून टाकलं. थंडीच्या तोंडावर गाळ्याचा भाडेकरार संपत होता, आणि तो पुन्हा करायचा तिचा विचार नव्हता. लॉन्सेस्टनला तिच्या बहिणीची रोपवाटिका होती. तिथे कामही होतं आणि राहायला खोलीही.

"आणि टेबल?" लिंडसेने विचारलं.

"टेबल तू ने घरी," ती म्हणाली. "केलला बोलावत जा चहाला."

"मी नाही जाणार. हा बिस्किटं मोजून देईल," केल म्हणाला, आणि ती दोघं हसली.

लिंडसे हसला नाही. घरी टेबलं होती की. स्वयंपाकघरात एक होतं, त्याच्याशी बसून तो एकटा जेवायचा. दिवसेंदिवस आपला आवाज आपल्याच कानावर पडत नाही, मग मुलीचा फोन आला की घसा खाकरून आधी आवाज आहे की नाही ते बघावं लागतं, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्याला भीती वाटली. आईचं बोट सुटलेल्या पोराला बाजारात वाटते तशी साधी, उघडी भीती.

आता या माणसाने काय करावं? सरळ जाऊन दोन किट्स जास्त घ्यावीत की नाही? त्याने घेतलीही. पण रोएना काही खुळी नव्हती. "लिंडसे, तुला विमान कशाला हवं? दया दाखवतोयस का?" असं म्हणून तिने किट परत फळीवर ठेवलं. दया तिला चालत नसे. तिला गिऱ्हाईक हवं होतं.

मग लिंडसेने तिला गिऱ्हाईक दिलं.

रोएनाच्या भाचीने हौसेने दुकानाचं एक पान इंटरनेटवर टाकून दिलं होतं. त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं. लिंडसे वाचनालयात गेला, तिथल्या बाईंकडून कॉम्प्युटर शिकला, आणि ज्या ऑनलाइन खरेदीला तो आजवर नाक मुरडत आला त्याच वाटेने रोएनाच्याच दुकानात शिरला. नाव घातलं एच. टॅटलो, गाव शेजारचं विन्यार्ड. टॅटलो हे बेरिलचं माहेरचं आडनाव. विन्यार्डच्या पोस्टात त्याने पेटी भाड्याने घेतली, पैसे तिथल्याच बँकेत रोख भरले, आणि संशय नको म्हणून जन्मात हात लावला नसता असली किट्स मागवली. रणगाडे, रेसच्या गाड्या, हेलिकॉप्टरं.

पार्सलं आली की तो ती मोटारीत घालून घरी आणायचा आणि शेडमध्ये रचून ठेवायचा. शेड रिकामीच होती. आत उभी असायची ती मोटारीमागे जोडायची कॅरॅव्हॅन त्याने विकली होती. बेरिल आणि तो त्या कॅरॅव्हॅनमधून अख्खा किनारा हिंडले होते. त्याच पैशातून टॅटलो रणगाडे घेत होता. लिंडसेने एकही पार्सल उघडलं नाही. उघडून काय बघायचं होतं?

पण दुकानात फरक पडला, तो डोळ्यांना दिसत होता. रोएनाने मागचा मिणमिणता दिवा बदलला. केसांना रंग लावला. बुधवारी ती स्वतः टेबलाशी येऊन बसायला लागली आणि तिच्या तोंडी एकच नाव.

"माझा टॅटलो आता हेलिकॉप्टरांवर आलाय," ती सांगायची. "काय माणूस आहे, कशालाच नाही म्हणत नाही. मी दर वेळी पार्सलमध्ये एक चॉकलेट टाकते."

"एवढं सगळं जोडतो कधी हा?" केल म्हणाला. "हात किती आहेत त्याला?"

"तुझ्यासारखा तोंड चालवत बसत नसेल," रोएना म्हणाली.

लिंडसे खाली मान घालून टगबोटीच्या कठड्याला पॉलिश पेपर घासत राहिला. ऐकून त्याला सुख होत होतं. पण कॅरॅव्हॅनचे पैसे संपत आले होते. थंडी एकदा निघाली, की मग बघू, असं तो स्वतःला समजावत होता. मग काय बघणार होता, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

थंडीची चाहूल लागली तशी, मे महिन्यातल्या एका बुधवारी रोएना केक घेऊनच आली.

"शुक्रवारी सही करतेय," तिने सांगितलं. "तीन वर्षांचा करार. बहिणीला कळवलं, तिने त्या जागी दुसरी मुलगी ठेवलीसुद्धा."

केलने हातातला चिमटा खाली ठेवला. "रो, विचार केलास ना नीट? तीन वर्षं म्हणजे..."

"केलाय. एकट्या विन्यार्डात जर असा एक माणूस निघतो, तर या किनाऱ्यावर आणखी किती असतील? त्यांना माझा पत्ता नव्हता एवढंच. टॅटलोला लागला, तसा त्यांनाही लागेल." मग तिने लिंडसेकडे पाहिलं. "तू का गप्प? तुलाच तर हवं होतं ना दुकान राहायला?"

"हो," लिंडसे म्हणाला. त्याने केकची बशी बाजूला सारली.

सांगायला हवं होतं. तिथेच, त्याच क्षणी. मिलमध्ये उकळत्या वाफेच्या नळाशी हात घालणारा हा माणूस, पण समोरच्या बाईला एक वाक्य सांगायची त्याची छाती होईना. सांगितलं तर दुकान बंद, टेबल बंद, आणि वर तिच्या नजरेतून कायमचा उतरणार. नाही सांगितलं तर ती डोळे मिटून खड्ड्यात पाय टाकणार, आणि खड्डा त्याने खणलेला. गुरुवारी सकाळी त्याने शेडमधली सगळी पार्सलं मोटारीत भरली आणि दुकानासमोर जाऊन गाडी लावली. काचेतून रोएना दिसत होती, फळ्या पुसत होती, बहुधा गुणगुणतही होती. त्याचा हात दोनदा दाराच्या कडीवर गेला. मग तो गाडी काढून बंदराकडे गेला आणि धक्क्यावर पाण्याकडे बघत बसून राहिला. उद्या सही व्हायच्या आत सांगायचंच, असं त्याने स्वतःला बजावलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते बजावू शकतो.

शुक्रवारी दुकान उघडायच्या वेळेला तो दारात हजर होता. रोएनाने त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"ये, ये. झाली सही! गाळ्याच्या एजंटाला आज होबार्टला जायचं होतं, म्हणून कालच संध्याकाळी येऊन गेला."

लिंडसेने टोपी काढून काउंटरवर ठेवली. आता सांगून उपयोग नव्हता, आणि न सांगून तर त्याहून नव्हता, कारण टॅटलोकडे पुढच्या पार्सलाचे पैसे नव्हते.

"रोएना, टॅटलो कोणी नाहीये," तो म्हणाला. "तो मी आहे."

ती हसली. "तू? तू रणगाड्याला हात तरी लावशील का? उगाच काहीतरी बोलू नकोस. त्याचा हेवा वाटतो का तुला?"

"बाहेर ये जरा."

फुटपाथवर वारा झोंबत होता. त्याने डिकी उघडली. आत तिने स्वतः बांधलेली पार्सलं होती. तिचीच चिकटपट्टी, तिचंच अक्षर, एकाचीही कड उचकटलेली नाही. मागच्या सीटवरही तीच रास. रोएनाने एक पार्सल उचललं, कानाशी नेऊन हलवलं. आत चॉकलेट खुळखुळलं.

"उघडलीसुद्धा नाहीस," ती म्हणाली.

"मला दुकान बंद पडायला नको होतं. मला..." त्याने पार्सलांकडे पाहिलं. "मला बुधवार हवा होता."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने पार्सल छातीशी धरलं.

"मला सरळ सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी लॉन्सेस्टनला गेले असते आणि बुधवारी तू बसने आला असतास. बहीण काही हाकलून देत नव्हती. मी तुला धरूनच हिशेब केला होता रे. एक तू, आणि एक टॅटलो. मी तुला दोनदा मोजलं."

मग दोघांनी मिळून सगळी पार्सलं आत नेली, कारण ती रस्त्यावर ठेवता येण्यासारखी नव्हती.

गाळ्याचं भाडं भागवायचं तर एकच मार्ग होता. रोएनाने दुकानाचा मागचा भाग नखं रंगवून देणाऱ्या एका बाईला भाड्याने दिला. टेबल काढावं लागलं. ज्या टेबलासाठी लिंडसेने हे सगळं केलं, ते त्याच्या करणीनेच गेलं, आणि त्याला हे दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी पुढच्या बुधवारी तो गेला. काउंटरपाशी जरा वेळ उभं राहता येईल, एवढीच त्याची आशा. त्याने राखाडी रंगाची एक बाटली उचलून तिच्यापुढे ठेवली. टगबोटीचा शेवटचा हात राहिला होता.

रोएनाने बाटली घेतली आणि परत फळीवर ठेवली.

"नको, लिंडसे. तू ये, उभा राहा, बोल. पण माझ्याकडून काही विकत घेऊ नकोस."

"मला खरंच हवी आहे गं. बोट अडलीय."

"असेल. पण मला आता कसं कळणार?" ती शांतपणे म्हणाली, आणि तेच जास्त वाईट होतं. "गल्ल्यात पैसे पडले की मला बघावं लागतं, हे खरे की तुझे. काल एक बाई नातवासाठी विमान घेऊन गेली, तर मी दारापर्यंत जाऊन पाहिलं, तू बाहेर उभा आहेस का."

नखांच्या बाईकडून रंगाचा उग्र वास पुढे येत होता. लिंडसेने टोपी घातली आणि बाहेर पडला.

केल बाहेरच बाकावर बसला होता. त्याला आत बसायला टेबल राहिलं नव्हतं. त्याला सगळं कळलं होतं. गावच केवढं! टोमणा येणार म्हणून लिंडसे तयारीतच होता, पण केल सरकला आणि त्याने बाकावर जागा करून दिली.

"दिली नाही ना बाटली?" केलने विचारलं.

"नाही."

"दुसरं दुकान थेट लॉन्सेस्टनला." केलने खिशातून फोन काढला आणि बराच वेळ अंगठ्याने काहीतरी शोधत राहिला. "हीच ना? जपानहून येईल. नाव काय घालू?"

लिंडसेने काचेतून आत पाहिलं. रोएना टॅटलोच्या पार्सलांची चिकटपट्टी सोलत होती आणि एकेक रणगाडा पुन्हा विकायला फळीवर लावत होती.

"माझंच घाल," तो म्हणाला.