ताईची लिफ्ट

माझी मावशी कपडे अल्टर करते. बाह्या आखूड करायच्या, कंबर सैल करायची, चेन बदलायची. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि गिऱ्हाईकाला उभं राहायला जेमतेम जागा. गिऱ्हाईक आपलं माप सांगायला लागलं की ती "हो, हो" म्हणते आणि गळ्यातली टेप काढते. "लोक कंबर सांगतात ती लग्नातली," असं तिचं मत आहे. "कंबर विचारायची नसते, मोजायची असते."

अशा बाईला परदेशी जायचं होतं, आणि तिच्या प्रवासाची आखणी करायला मी, तिची सख्खी भाची, बसले. माझ्या सहनशक्तीबद्दल माझे तेव्हा बरेच गैरसमज होते.

जायचं होतं थोरल्या बहिणीकडे. मोठी मावशी लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली ती तिकडचीच झाली. आधी तीच अधूनमधून येऊन जायची. मग तिच्या पाठीनं दगा दिला आणि येणं थांबलं. आता भेट व्हायची तर मावशीनंच जायला हवं होतं. आणि मावशीचे गुडघे असे, की दुकानाच्या तीन पायऱ्यासुद्धा ती कठड्याला धरून, प्रत्येक पायरीचा उद्धार करत चढते. डॉक्टरांनी जिन्याचं नावच काढायचं नाही म्हणून बजावलेलं. तेव्हा या गुडघ्यांनी बहिणीच्या दारापर्यंत पोचता येईल का, एवढाच प्रश्न होता. त्याचं खरं उत्तर देणारं कुणीतरी हवं होतं.

पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. त्याच्या टेबलावर शेपूट तुटलेलं एक छोटं विमान होतं.

"काकू, तुम्हाला पाऊलसुद्धा टाकावं लागणार नाही. सगळं आमच्यावर सोडा," तो म्हणाला.

"तुम्ही जाऊन आलायत का तिथं?"

"मी स्वतः नाही, पण आमची माणसं फार खूश होऊन येतात."

मावशी गोड हसली आणि उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला. विमानाचं शेपूट तरी चिकटवून घ्यायचं!"

मग मी तिला लॅपटॉपवर एक झकपक वेबसाइट दाखवली. निळं पाणी, हसरी माणसं, सगळीकडे पाच-पाच तारे. मावशीनं चष्मा लावला.

"थांब. यांनी आपल्या गावाबद्दल काय लिहिलंय ते आधी बघ."

"अगं, आपल्याला इथं कुठं फिरायचंय?"

"बघ तर खरं."

बघितलं. 'गावातील रमणीय तळ्यात नौकाविहाराचा आनंद घ्या,' असं लिहिलं होतं. त्या तळ्यावर मी शाळेत असल्यापासून गाड्यांचं पार्किंग आहे. मावशी इतकी हसली की तिला मशीनवर हात टेकावा लागला. "ज्यांना आपलं तळं बुजलेलं माहीत नाही, ते मला तिकडची वाट दाखवणार!"

मग मला तो नादच लागला. एक साइट आमच्या बंद पडलेल्या थिएटरची तिकिटं काढून द्यायला निघाली होती. दुसरीवर आमच्या गावाला चक्क समुद्रकिनारा होता. मावशीनं एकेकीला निकालात काढलं. व्हिसाचं मात्र तिनं कुणालाच विचारू दिलं नाही. "शिक्का ज्याचा, त्याला विचारायचं," म्हणाली. ती माहिती आम्ही दूतावासाच्या स्वतःच्या साइटवरूनच घेतली.

शेवटी एका प्रवासाच्या ब्लॉगवर एक गृहस्थ सापडले. त्यांनी आमच्या गावाबद्दल लिहिलं होतं: 'टॉवरचं घड्याळ पुढे आहे. स्टेशनच्या मागच्या दारानं जाऊ नका, उतार नाही आणि बाथरूमला कुलूप असतं. इथे पुन्हा येणार नाही.'

"हा माणूस खरा आहे," मावशी आनंदानं म्हणाली. "गोड बोलणारा काहीतरी विकत असतो. हा कशाला विकेल, ह्याला राग आलाय!"

आम्ही त्यांचं नाव चिडोबा ठेवलं. चिडोबा मोठ्या मावशीच्या शहरातही राहून, चिडून आले होते. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा, विमानतळावर ऐनवेळी मागाल तर रडाल. विमान बदलायला भरपूर वेळ ठेवा. हे सगळं त्यांचंच. आम्ही अक्षरशः तसंच करायचं ठरवलं.

राहिलं मोठ्या मावशीचं घर. ते तिसऱ्या मजल्यावर.

"ताई, लिफ्ट आहे ना गं तुझ्याकडे?" मावशीनं फोनवर विचारलं.

"आहे की! तू फक्त ये."

"आणि तुझी पाठ?"

"एकदम ठणठणीत. रोज भाजी आणायला उतरते मी."

तिकीट काढलं. मला मात्र चैन पडेना, म्हणून त्या रस्त्याचं नाव देऊन मी चिडोबांना परस्पर विचारलं. उत्तर आलं: 'त्या रस्त्यावर एकाही इमारतीत लिफ्ट नाही. जिने अरुंद. मी तिथे बॅग चढवली आहे, मला आठवण करून देऊ नका.'

माझं डोकंच फिरलं. तरातरा दुकानात गेले. "मोठी मावशी धडधडीत खोटं बोलली! तिकीट रद्द कर."

मावशी कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"तिच्या मुलानं मागेच सांगितलंय. पट्टा लावून घरात पडून असते. कित्येक महिन्यांत खाली उतरलेली नाही. म्हणून तर पाठीचं विचारलं. पाठीचं खोटं सांगितलं, तेव्हाच लिफ्टचं कळलं."

"आणि तरी तू जाणार? या गुडघ्यांनी?"

आता तिनं कात्री खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते. "अगं, लहानपणापासून ताई माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. आज बोलली. किती बोलावत असेल ती मला!"

मी तिची बॅग भरायला घेतली.

ती गेली. पोचली त्याच दिवशी मोठ्या मावशीच्या मुलानं फोटो पाठवला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधला जिना. मावशी एकेक पायरी बसत बसत, उलटी सरकत तिथवर चढली होती. तिचा आवाज ऐकून मोठी मावशी पट्टा आवळून, भिंतीला धरून खाली निघाली होती. दोघी एकाच पायरीवर बसल्या होत्या, एकमेकींना घट्ट धरून.

मी फोन लावला. मागून मोठ्या मावशीचा आवाज येत होता, "आजच बिघडली गं लिफ्ट, काय सांगू!"

"बिघडू दे," मावशी तिला म्हणाली. मग मला म्हणाली, "चिडोबाला लिही. जिना खरंच अरुंद आहे. पण दोन बायका शेजारी बसल्या तर मावतात."