निळा ड्रेस

धरणगावच्या बाजारात रंगाऱ्याच्या कढईतून उकळत्या रंगाचा वास आला की अजूनही माझे हात आपोआप बाह्या खाली ओढू लागतात.

आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धेला एक पांढरा आणि एक निळा, असे दोन ड्रेस लागतात. संघटनेने मुलांना दोन्ही दिले. आम्हा मुलींना सांगितलं, निळा आपापला बघा. माझ्याकडे दोन्ही पांढरेच होते. त्यातला एक रंगारी चाचांनी या कढईत उकळून निळा करून दिला. "बेटी, रंग पक्का आहे," ते म्हणाले. आई म्हणाली, "नवाच दिसस ना."

पहिल्याच लढतीला समोरच्या मुलीला पांढरा आणि माझ्या वाट्याला निळा आला. मॅटवर जाण्याआधी बाह्या मोजतात. उकळून सुती कापड आटलं होतं आणि बाही मनगटाच्या बरीच वर राहिली होती. आम्ही कापसाच्या गावचे, पण हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मोजणाऱ्या बाईंनी नकारार्थी मान हलवली. दुसरा निळा माझ्याकडे नव्हता. समोरची मुलगी न लढताच जिंकली.

घरी आले तेव्हा पेपरात संघटनेच्या सचिवांचं बोलणं छापून आलं होतं, मुली अनुभवात कमी पडल्या. त्यात माझं नाव होतं, म्हणून आईने ते कात्रण फ्रेम करून घेतलं. अजून भिंतीवर आहे.