इंजिनाचा वैल

भरे गावाच्या अलीकडे ओढ्याकाठी एक भाताची गिरणी होती. मी तिथला मिस्त्री. स्वातंत्र्य येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. धरणाच्या पाण्यावरची वीज घाटाखाली तयार होऊन मुंबईला जायची आणि आमच्या गावात कंदील.

गिरणीचं इंजिन मात्र गॅसवर चालायचं. उभ्या लोखंडी पिंपात लोणारी कोळसा कोंडून जाळायचा, निघालेला वायू पाण्यातून धुऊन इंजिनात ओढायचा. त्यावर भात भरडायची यंत्रं आणि एक लहान डायनामो फिरे. इंजिनाचा धूर इतका कढत असायचा की धुराड्यावर पाणी मारलं तर जमिनीवर थेंब पडत नसे. ती आच फुकट आभाळात जाताना पाहून माझा जीव तुटायचा. घरी बायको चुलीवर भाकऱ्या भाजायची तेव्हा मागच्या वैलावर कालवण आपोआप शिजायचं, त्याला वेगळं लाकूड लागत नसे. मी मालकांना तेच सांगितलं. या धुरावर पाणी उकळू, त्या वाफेवर दुसरं लहान इंजिन चालवू, त्याला दुसरा डायनामो जोडू. कोळसा तेवढाच, वीज जादा.

मालक पुण्याचे, गोड बोलणारे. म्हणाले, "मिस्त्री, हे जमलं तर गावातही खांब टाकू की." मी हुरळलो.

मला एकच दिवा हवा होता, विहिरीवर. आदल्या वर्षी माझी भावजय पहाटे पाण्याला गेली आणि अंधारात पायरीवरच्या सापावर तिचा पाय पडला. दुपारपर्यंत गेली. थोरला भाऊ तेव्हापासून फारसा बोलत नसे. खांबांचं कानावर गेलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "हिरीवर पडंल का उजेड?"

मी म्हणालो, "पयला दिवा तितंच, दादा."

मालकांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुना बॉयलर आणि वाफेचं इंजिन घेतलं. ट्रकनं ते सडकेवर आणून टाकलं. तिथून गिरणीपर्यंत नुसती भातखाचरं. मालक कपाळाला हात लावून बसले, तेव्हा मीच म्हणालो, "इर्जिक घालतो."

इर्जिक म्हणजे एकाच्या कामाला सगळा गाव. मजुरी नाही. ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं आणि पुढं दुसऱ्यांच्या कामाला स्वतः उभं राहायचं. हे शेवटचं कुणी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवलं तर ती इर्जिकच राहत नाही.

दोन दिवस गाव राबला. बैल जुंपले, ओंडके सारले, ज्याच्या खाचराचा बांध आडवा आला त्यानं तो आपल्या हातानं फोडला. दोराला सगळ्यांत पुढं माझा भाऊ. मालकांनी तांदूळ, डाळ, गूळ पाठवला. रांधलं माझ्या बायकोनं, पंगत बसली माझ्या अंगणात. मालकांना पुण्याला जायची घाई होती. जेवता जेवता एक म्हातारा म्हणाला, "मालक न्हाई बसलं पंगतीला." मी त्यालाच समजावलं, "शहरातली मान्सं, कामं असत्यात त्येंना." केवढा शहाणा मी.

चार महिन्यांनी वैल चालू झाला. वाफेचं इंजिन पहिल्यांदा फिरलं तेव्हा मला रडू आलं. कोळशाचं एक घमेलं वाढलं नव्हतं. मालकांनी नारळ फोडला. जादा विजेवर तांदूळ चकचकीत करायचं नवं यंत्र बसलं, गिरणीशेजारच्या मालकांच्या बंगल्यावर पंखे फिरू लागले. खांबांचं कुणी नाव काढीना. शेवटी मी विचारलं.

"गावाला?" मालक म्हणाले. "तसं काही ठरलं नव्हतं हो, मिस्त्री. बोलण्याच्या ओघात म्हणालो असेन. आणि दोन दिवस लोकांना जेवण दिलंच होतं ना आपण?"

इर्जिकीचं जेवण त्यांना मजुरी वाटलं होतं. आणि आम्हाला तो माणूस इर्जिकीतला वाटला होता. आजही आठवलं की तोंड कडू होतं, आणि राग त्यांच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

कारण पुढं जे झालं ते मी होऊ दिलं. आम्हा दोघा भावांची घरं गावाच्या टोकाला, गिरणीच्या बाजूला, एकमेकांना लागून होती. मालकांनी चार पाहुण्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि बक्षीस म्हणून माझ्या घराला तार ओढून दिली. नको म्हणायचं होतं, शब्द तोंडाशी आले होते. मी हात जोडले. खोटं कशाला सांगू, दिवा लागला तेव्हा बरंही वाटलं. सगळ्या गावात उजेड फक्त माझ्या घरात.

आषाढात भातलावणीला मी इर्जिक घातली. बायकोनं वीस माणसांचं रांधलं. एकही आला नाही. कुणाचा बैल आजारी, कुणाची लेक माहेरी आलेली. वाकडं कुणी बोललं नाही, त्यानंच जास्त लागलं. दिवसभर मी आणि बायको दोघंच चिखलात वाकलो. घरी येऊन तो भात गुरांपुढं ओतला.

दिवेलागणीला भावाकडे गेलो. तो पडवीत बसून विळ्याला धार लावत होता. मी म्हणालो, "दादा, तू तरी यायचं हुतंस."

त्यानं धार लावणं थांबवलं नाही. "उद्या येतू," म्हणाला. "भाऊ हायेस, येवं लागंल."

मी उठलो, तेव्हा मागून म्हणाला, "तुज्या दिव्याचा उजेड हितवर येतुया. दार लावून घेत जा."

मी घरी आलो आणि दार लावून घेतलं.