तळ्याचं बागीन

फुलवाती वळत होते. डबा अर्धा भरला होता, कापूस अजून मांडीवर होता, तेवढ्यात वनितावहिनी आल्या. दारातूनच “चहा टाक ग” म्हणणाऱ्या वहिनी आज थेट शेजारी बसल्या आणि माझ्याकडचा कापूस ओढून वळायला लागल्या. त्यांची एकही वात धड झाली नाही.

मळमड्डीतलं आमचं भजनी मंडळ वहिनींनीच उभं केलं. माहेर हुबळीच्या बाजारातलं, दुकानदाराचं, त्यामुळे आवाज खणखणीत. कुणाच्या बोअरला पाणी लागलं की नारळ घेऊन हजर. शेजाऱ्यांच्या गाभण गायीचीही त्यांनी ओटी भरली होती. आम्ही हसायचो, पण त्यांच्यावाचून आमचं पान हलत नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या सुनेनं, स्नेहानं, मंडळाला करकोचे दाखवायला नेलं. ती युनिव्हर्सिटीत पक्ष्यांचा अभ्यास करते. अळणावरकडच्या एका खेड्यातल्या तळ्यावर हे पाहुणे थंडीत उतरतात, कुठून कुठून डोंगर ओलांडून. सकाळी लांबच्या कापणी झालेल्या शेतांतून चरतात, दुपारी तळ्याकाठी विसावतात. काठाला लागूनच रामूअण्णा आणि त्यांची बायको भागीरथी यांचा हरभरा. पाखरं हाकायला ते फटाके लावायचे. स्नेहानं त्यांना विनवणी केली होती, की फटाके नकोत, दुपारी पाखरांना कुणी उठवलं नाही तर ती तळ्यावरच राहतात, शहरातल्या माणसांना मी आवरीन. तिच्या शब्दावर फटाके थांबले होते.

टेंपोत तिनं आम्हाला नीट बजावलं. बांधावरच्या झाडांआडून बघायचं, बोलायचं नाही, पाण्याकडे उतरायचं नाही. सगळ्यांत आधी मान डोलावली ती वहिनींनी.

आणि काय ते दर्शन! राखी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका. कितीतरी तर एका पायावर, मान पिसांत खुपसून. माझ्या तोंडी आपोआप नाम आलं. वहिनींचं लक्ष मात्र पाण्याकडे. भरल्या तळ्याला सुपातून खण, बांगड्या, नारळ द्यायचा, म्हणजे बागीन द्यायचं, ही आपल्याकडची रीत. सूप त्यांनी घरूनच पिशवीत घालून आणलं होतं, सुनेला न सांगता. स्नेहा मागे टेंपोवाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणून सांगायला गेली होती. वहिनी कुजबुजल्या, एवढ्या तुडुंब तळ्याला रिकाम्या हातानं बघून जायचं का? आणि उतरल्या. त्यांच्यामागे आम्ही सगळ्या. निरांजनाचं ताट माझ्या हातात होतं.

घंटेवाचून आरती वहिनींना जमतच नाही.

पहिल्या ठोक्याला अख्खा काठ उठला. आकाशात नुसता कर्र कर्र कालवा. दोन फेऱ्या घालून सगळा थवा उतरला तो थेट हरभऱ्यात. रामूअण्णा ओरडत धावले. भागीरथी पदर हलवत सरीतून पळत होती. पाखरं एकीकडून उठायची, दुसरीकडे बसायची.

दमून भागीरथी बांधावर आली. आमच्या हातातलं ताट पाहिलं.

“प्रसाद आमच्या हरभऱ्यात वाढलात होय?”

वहिनी म्हणाल्या, “आम्ही काय दगड मारला? देवाचंच केलं ना?”

तेवढ्यात टेंपोकडून धावत आलेली स्नेहा भागीरथीपुढे झाली. “मावशी, चूक माझी. मी यांना नीट सांगितलं नव्हतं.”

खाली मान घालून आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. एकीनंही, नाही ग, तू सांगितलं होतंस, असं म्हटलं नाही. रामूअण्णांनी एवढंच सांगितलं, की परवापासून फटाके. आणि स्नेहाकडे न बघता म्हणाले, “शब्द देण्याआधी घरच्यांना विचारावं, बाई.”

परतताना टेंपोत कुणी भजन म्हटलं नाही.

हे सगळं आज वहिनी पुन्हा सांगत होत्या, जणू मी तिथं नव्हतेच. घरी सून काही बोलली नाही म्हणाल्या. रोजच्यासारखी ताट वाढते, गोळी घेतलीत का विचारते. “थकून निजलेल्याला घंटा वाजवून उठवलं मी. वर तिनं माझ्यासाठी लोकांसमोर मान खाली घातली, आणि मी घालू दिली ग.”

मी डब्यातल्या वाती सारख्या करत राहिले. आरतीचं ताट तर माझ्याच हातात होतं.

मग कळलं, त्यांनी काल स्नेहाकडून नंबर घेऊन भागीरथीला फोन केला होता. सुनेनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, हे स्वच्छ सांगितलं. फटाके लावू नका, हरभरा निघेपर्यंत मी शेतात राखणीला बसते, म्हणाल्या. पलीकडून भागीरथी हसली म्हणे. “अक्का, तुमच्यानं होईल का? उन्हात भजन नसतं.” मग नवऱ्याशी काहीतरी बोलली आणि म्हणाली, या तर खरं. घंटा तेवढी घरी ठेवा.

गुडघ्याचं दुखणं आहे, ऊन लागेल, मी म्हटलं. वहिनींनी ऐकलं न ऐकलंसं केलं. मांडीवरचा कापूस झटकून उठल्या. आता सुभाष रोडला जाऊन राखणीसाठी छत्री घ्यायची आहे, म्हणाल्या. काळी. रंगीत नको, तळ्यावरची पाखरं बुजतात, असं स्नेहानं सांगितलंय.